एक्केचाळीस जणांची झोप

१

कार्डं गेली ती सोमवारी दुपारी, एक ते चारच्या मध्ये, दवाखाना बंद असताना. पत्र्याची पेटी जागच्या जागी होती, कुलूप शाबूत होतं, आणि किल्ली नेहमीच्या खिळ्याला लटकत होती. तो खिळा कुठे आहे हे दवाखान्यात एकदा खोकून गेलेल्या माणसालाही ठाऊक होतं. पेटीत मात्र काही नव्हतं. एक्केचाळीस माणसं कधी झोपली, कधी उठली, मध्ये किती वेळा जागी झाली, याची सात महिन्यांची नोंद नाहीशी झाली होती.

डॉक्टरांनी पोलिसांना बोलावलं नाही. त्यांनी भिंगबाईंना बोलावलं.

भिंगबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने त्यांना हाक मारणारा माणूस अडीच वर्षांपूर्वी गेला, आणि त्यानंतर तेच नाव उरलं. बत्तीस वर्षं त्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्याशी उभ्या राहिल्या. समोरून गोळ्यांच्या चंदेरी स्ट्रिप्स सरकत जायच्या, आणि ज्या स्ट्रिपमध्ये एखादा कप्पा रिकामा राहिला असेल ती उचलून बाजूला टाकायची, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं म्हणजे कळतं. अर्ध्या तासात डोळ्यांवर गुंगी येते, स्ट्रिप्स नदीसारख्या वाहायला लागतात, आणि त्या वाहण्यात जो एक खळगा चुकीचा आहे तो गुंगीतच दिसावा लागतो. भिंगबाईंना दिसायचा.

नवरा गेल्यावर त्यांची झोप उडाली, आणि डॉक्टरांनी त्यांना जी निळी गोळी लिहून दिली ती नेमकी त्यांच्याच पट्ट्यावरची निघाली. दीड वर्ष त्या ती घेत होत्या. मग एक दिवस डॉक्टरांना एकाएकी जाग आली. खोलीतलं घड्याळ त्या गोळीच्या कंपनीचं होतं, कॅलेंडर तिचं, पेन तिचं, पाण्याचा फ्रिज तिचा, आणि मागच्या वर्षीची समुद्रकाठची तीन दिवसांची परिषदही तिचीच. डॉक्टरांनी ते सगळं उतरवून टाकलं. भिंतीवर जिथे वस्तू होत्या तिथे फिकट चौकोन उरले, आणि ते बघत बसलं की पेशंटला वाटायचं, या घरातून कुणीतरी नुकतंच बिऱ्हाड हलवलंय. त्याच दिवशी त्यांनी निळी गोळी लिहिणं बंद केलं, आणि मुळ्या विकणाऱ्या एका म्हातारीकडून आणलेली पूड द्यायला सुरुवात केली.

आणि माणसं झोपली की हो. कार्डांवर तसं काळ्या शाईत लिहिलेलंच होतं. पहिलं कार्ड भिंगबाईंचं. शुक्रवारी सकाळी मोठ्या सभागृहात डॉक्टर ही कार्डं लोकांपुढे वाचणार होते, आणि भिंगबाई उठून सांगणार होत्या, की मी गोळीच्या तावडीतून सुटले. आरशासमोर उभं राहून त्यांनी हे वाक्य चार वेळा म्हणूनही पाहिलं होतं. नवरा गेल्यानंतर स्वतःच्या बळावर झालेली ही एकच गोष्ट, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"कार्डांशिवाय मी उभा राहिलो तर लोक मला वेड्यात काढतील," डॉक्टर म्हणाले. "ताई, तुमची नजर आहे. तेवढं बघा."

कंपाउंडरकाका पलीकडे खिडकीशी पुड्या बांधत होते. काकांची पुडी म्हणजे बघत राहावी अशी, दोऱ्याविना घट्ट, कानाकोपऱ्यात कणभर सांडायची नाही. तीस वर्षांत त्यांचे खाडे म्हणाल तर यंदा मुलीच्या बाळंतपणाला गेले ते नऊ दिवस. त्यांना विचारलं तर म्हणाले, दुपारभर मी इथेच स्टुलावर होतो, पण एकच्या ठोक्याला माझा डोळा लागतो हे तुम्हाला माहीतच आहे. ते खरंच होतं. काका बसल्याबसल्या घोरायचे, आणि समोरून बैलगाडी गेली तरी उठायचे नाहीत. त्यांनी रजिस्टरवर तारखेचा लाल शिक्का मारला आणि निळा पडलेला अंगठा धोतराच्या सोग्याला पुसला.

"चोर कोण ते उघड आहे," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "तो बॅगवाला. सोमवारी दीड वाजता तो याच गल्लीत होता."

२

बॅगवाला म्हणजे निळ्या गोळीच्या कंपनीचा माणूस. पंधरा वर्षं तो दर पंधरवड्याला यायचा, बुटांना पॉलिश, केसांना पाणी, आणि जिभेवर साखर. फोल्डर उघडून तो चित्रं दाखवायचा: एक बाई तळमळते आहे, तीच बाई गोळी घेते आहे, तीच बाई सकाळी खिडकीत हसते आहे. मग फुकटच्या नमुन्यांच्या स्ट्रिप्स टेबलावर ठेवायचा. डॉक्टरांनी गोळी लिहिणं सोडल्यावरही त्याने ठेवणं सोडलं नव्हतं.

भिंगबाईंना तो चौकातल्या हॉटेलात भेटला. समोरचा चहा गार झालेला, आणि तो काचेतून रस्त्याकडे असा बघत होता, जणू रस्ता फार लांबून चालत आलाय. त्या समोर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, सोमवारी दीड वाजता गल्लीत काय करत होतास. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. डॉक्टरांना भेटायला आलो होतो, म्हणाला, दार बंद बघून परत गेलो. खिडकीतून काका दिसले का, तर दिसले. झोपलेले? नाही, म्हणाला, पाठमोरे उभे होते, काहीतरी आवरत होते.

मग त्याने बॅग उघडली आणि फोल्डर त्यांच्यापुढे सरकवलं. भिंगबाईंना तीच बाई दिसली. तीच तळमळ, तीच खिडकी, तेच हसू. फक्त गोळीच्या जागी आता एक बाटली होती, आणि बाटलीवर हिरवं पान.

"ती कंपनी मी तीन आठवड्यांपूर्वी सोडली," बॅगवाला म्हणाला. "शुक्रवारची सभा आमच्या नव्या कंपनीचीच आहे, मी तिच्यात आहे हे डॉक्टरांना सांगायलाच सोमवारी आलो होतो. म्हातारीची पूड आम्ही बाटलीत घालून गावोगाव विकणार. ती कार्डं हरवली तर सगळ्यात आधी माझी नोकरी जाईल, बाई. मी चोरीन कशाला?"

३

खरं सांगायचं तर भिंगबाईंचा हिरमोड झाला. चोर आयता हाती लागला होता आणि आयताच सुटला. शिवाय ती बाटली त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. गोळीवाल्याने पानवाली बाटली हातात घेतली म्हणजे नक्की बदललं काय, हे त्यांना कळेना. फोल्डरमधल्या बाईला तर काहीच कळलेलं दिसत नव्हतं, ती अजून हसतच होती.

दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीकडे गेल्या. ती मंडईच्या मागच्या बोळात बसायची, पुढ्यात मुळ्या, साली, सुकी पानं, आणि त्या सगळ्याचा असा वास की दोन श्वासांत माणूस अर्धा पेंगायला लागावा. डॉक्टरांशी तिचं वाजलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. पुडीत काय आहे ते कागदावर लिहून अंगठा दे, असं बाटलीच्या कंपनीचे लोक म्हणत होते, आणि ती कानांवर हात ठेवत होती. तेव्हा कार्डं गायब होणं तिच्या पथ्यावरच पडणार होतं.

म्हातारीने आरोप शांतपणे ऐकून घेतला, एक मूळ उचललं, त्याची माती झाडली. मला वाचता येत नाही, म्हणाली, कार्डं घेऊन काय चुलीत घालू? घातलीही असती, पण या पायांनी मी दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढत नाही, पूड न्यायला काकाच इथे येतात. भिंगबाईंनी तिचे पाय पाहिले. सुजून खांबासारखे झाले होते. एवढ्यावर उठायला हरकत नव्हती, पण त्या वासात बसून राहावंसं वाटत होतं, म्हणून त्यांनी सहज म्हटलं, की तुमच्या पुडीने मला मात्र फार गाढ झोप लागते, मेल्यासारखी.

म्हातारीने पहिल्यांदा मान वर केली.

"माझ्या पुडीनं?" ती म्हणाली. "बाई, तिनं पोट हलकं होतं, जीव जरा निवतो. झोप यायची तर तिची ती येते. मेल्यासारखी झोपवणारी मुळी माझ्याकडे नाही, माझ्या आईकडेही नव्हती. माझ्याकडून थेट नेतात ते असं कधी बोलत नाहीत. दवाखान्यातून नेतात तेच बोलतात."

४

हे ऐकून भिंगबाई थेट घरी गेल्या नाहीत. त्या दवाखान्याशेजारच्या केमिस्टकडे थांबल्या. निळी गोळी बंद झाल्याने या माणसाचा धंदा बराच बसला होता, तेव्हा संशय त्याच्यावरही होता. पण सोमवारी दुपारी तो दुकान बंद करून लग्नाला गेला होता आणि शंभर माणसांनी त्याला तिथे जेवताना पाहिलं होतं. बॅगवाला दर महिन्याला येऊन माझी बिलं चाळायचा, तो सांगत होता, कुठल्या डॉक्टरने किती गोळ्या लिहिल्या ते बघायला, आणि तुमच्या डॉक्टरांच्या नावापुढे शून्य बघून त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मग त्याने इकडेतिकडे बघितलं. चिठ्ठीशिवाय मी देत नाही हो, म्हणाला, पण काका घरचेच. मागच्या आठवड्यात निळीच्या दोन स्ट्रिप्स घेऊन गेले. या वयात त्यांचीही झोप उडाली म्हणे, बिचारे.

दवाखान्याच्या बाकावर दोघी जणी पुड्यांसाठी बसल्या होत्या, एक शिवणकाम करणारी आणि एक शाळेतली शिपाईण. भिंगबाई त्यांच्यात जाऊन बसल्या. झोपेचा विषय काढायला त्या बाकावर कष्ट पडत नाहीत. दोघीही खुशीत होत्या, फक्त मध्ये एक आठवडा फार वाईट गेला, म्हणाल्या, अंगाची लाही, छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही. शिवणकामवालीने भाचीच्या साखरपुड्यावरून दिवस काढून सांगितले. शिपाईण म्हणाली, अगबाई, माझेही तेच.

तो आठवडा भिंगबाईंनाही आठवत होता. त्याच आठवड्यात त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता, आणि सहा रात्री त्या जाग्या होत्या. नवऱ्याच्या आठवणीने, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. त्या जागरणाचा त्यांना थोडा अभिमानही वाटला होता.

घरी येऊन त्या पलंगावर आडव्या झाल्या. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं आणि खोलीला मधाचा रंग चढला होता. डोळे मिटले तसा जुना पट्टा सुरू झाला. पण आज स्ट्रिपच्या कप्प्यांत गोळ्या नव्हत्या, माणसं होती, एकेका चंदेरी खळग्यात एकेक जण कुशीवर निजलेला. शिवणकामवाली गेली, शिपाईण गेली, सगळे संथ, एका लयीत श्वास घेत. आणि मग एक अख्खी रांग आली, जिच्यातले सगळे डोळे उघडे होते. नऊ दिवसांची रांग. त्या रांगेतल्या पुड्या वेड्यावाकड्या होत्या, सुटत होत्या, सांडत होत्या, कारण त्या डॉक्टरांनी स्वतः बांधल्या होत्या. काका मुलीकडे गेले होते.

भिंगबाई उठून बसल्या. काकांचा अंगठा, त्यांच्या मनात आलं. डॉक्टरांची शाई काळी आणि शिक्का लाल. तो निळा कुठला, हे बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी ज्या बाईचे हातमोजे त्याच रंगाचे व्हायचे तिला कळायला तीन दिवस लागावेत याची त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठी होती ती भीती. कारण काकांनी जे केलं असेल ते एक्केचाळीस जणांच्या बाबतीत केलं असेल, आणि त्यांत पहिलं कार्ड कुणाचं होतं?

५

गुरुवारी एक वाजता त्या दवाखान्यात शिरल्या. काका स्टुलावर होते, पण जागे होते. चार दिवसांत त्यांची झोप खरंच उडाली होती.

"काका, गोळीवरचा निळा रंग ओल्या फडक्याने पुसता ना आधी?" त्या म्हणाल्या. "नाहीतर पुडीत ठिपके दिसले असते."

काकांनी मान हलवली. मग जेवणाच्या डब्याची पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यातून कार्डांचा गठ्ठा काढला. रोज सकाळी ते तो घेऊन यायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे. जाळायला हात धजत नव्हता आणि पेटीत ठेवायला धीर होत नव्हता. भिंगबाईंनी डॉक्टरांना आतून बोलावलं.

काकांनी सांगितलं ते असं. गोळी एका दिवसात बंद झाली आणि आठ दिवसांत माणसं त्या खिडकीशी येऊन रडायला लागली. डॉक्टरांपुढे कुणी रडत नाही, डॉक्टरांपुढे सगळे बरे असतात. एवढी वर्षं घेतलेली गोळी अशी झटक्यात तोडायची नसते, हे तीस वर्षं औषधं कालवणाऱ्या माणसाला कळत होतं. बॅगवाला नमुने ठेवून जायचा, डॉक्टर म्हणायचे फेकून द्या, आणि काका ते फेकत नव्हते. नमुने यायचे थांबले तेव्हा त्यांनी केमिस्टकडून स्ट्रिप्स आणल्या. पुडीत आधी अर्धी गोळी गेली, मग पाव, मग त्याच्याही निम्मी. ज्याला जसं झेपेल तसं. कुणाला किती, ते त्यांनी प्रत्येक कार्डाच्या मागे पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं. डॉक्टरांनी कार्ड कधी उलटून पाहिलंच नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीत?" डॉक्टरांचा आवाज चिरकला.

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात. तुम्ही भिंतीवरचं घड्याळ उतरवत होतात."

नंतर बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. डॉक्टर एवढे खुश होते की त्यांच्या आनंदावर पाणी ओतायला काकांची जीभ रेटेना. पण ही पूड बाटलीत बसून गावोगाव जाणार, आणि तिच्या भरवशावर माणसं एका दिवसात गोळ्या फेकून देणार, हे कळल्यावर काकांचा जीव उडाला. कार्डंच नसतील तर सभा होणार नाही, एवढंच त्यांना सुचलं.

डॉक्टरांनी एकेक कार्ड उलटवायला सुरुवात केली. अठ्ठावीस जणांच्या मागे शेवटी शून्य होतं. त्यांना कित्येक आठवडे नुसती पूड जात होती आणि ते खरोखर झोपत होते. बारा जण वाटेत होते. एक कार्ड उरलं, ते काकांनी गठ्ठ्यातून बाजूला काढून ठेवलं होतं.

"माझं सांगा," भिंगबाई म्हणाल्या.

"तुमचं पावच आहे, बाई. दोनदा कमी करून बघितलं. दोन्ही वेळा तुम्ही खिडकीशी आलात, डोळे सुजवून." काकांनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं. "तुम्ही सुटला नाहीत अजून."

भिंगबाईंना आपण फार उंचावरून हळूहळू खाली येतो आहोत असं वाटलं. राग आला, काकांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आरशासमोरचं ते वाक्य आठवलं आणि मान खाली गेली. सात महिने ज्याला त्या आपलं बळ म्हणत होत्या ते एका म्हाताऱ्याने फडक्याने पुसून पुडीत घातलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, उद्याची सभा रद्द करतो. ताई, तुमचं नाव यात कुठे येऊ देणार नाही.

"सभा होऊ द्या," भिंगबाई म्हणाल्या.

६

सभागृह भरलं होतं. भिंतींवर हिरव्या पानांचे पडदे लावले होते आणि खिडक्यांतून येणारा उजेडही त्यांच्यातून हिरवा होऊन येत होता, त्यामुळे समोर बसलेली तीनशे माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसत होती. बॅगवाला पहिल्या रांगेत फोल्डर मांडीवर घेऊन बसला होता. कार्डं मिळाल्याचं त्याला कळलं होतं, बाकीचं कळलं नव्हतं. डॉक्टर उभे राहिले, पहिलं कार्ड हातात घेतलं, आणि ते नुसतंच उलटसुलट करत राहिले. म्हणून भिंगबाईच उठल्या.

"पहिलं कार्ड माझं आहे," त्या म्हणाल्या. "मी गोळी सोडली, असं मला वाटत होतं. मी सोडलेली नाही. पुडीतून पाव गोळी मला अजून लागते. नुसत्या पुडीवर अठ्ठावीस जण झोपतात, पण तेही एका दिवसात नाही, कित्येक महिन्यांनी, चिमूट चिमूट कमी करत. एका दिवसात सोडाल तर फार हाल होतील. हे कुठल्याच फोल्डरमध्ये लिहिलेलं नाही, म्हणून सांगते."

बॅगवाल्याने फोल्डर मिटलं. कुणीतरी मागून उठून गेलं, दाराचा आवाज झाला. भिंगबाईंना वाटलं आता हशा होईल, नाहीतर कुजबुज, आणि आपण बसून घ्यावं. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला. चांगल्या घरचा दिसत होता, कडक इस्त्रीचा सदरा. त्याच्या शेजारी बसलेल्या बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो कसली गोळी घेतो हे तिला बहुधा त्या क्षणी कळत होतं.

"पाव कशी करता?" म्हाताऱ्याने विचारलं. "मी करायला जातो तर हातात भुगा होतो."

सभागृहात एक हात वर झाला. मग आणखी एक. मग मागच्या रांगांमधून, कडेच्या खुर्च्यांवरून, हिरव्या उजेडात हात वर येत राहिले, आणि भिंगबाई मोजायला लागून मध्येच थांबल्या.

आधी डॉक्टरांशी बोला, त्या म्हणाल्या, कुणी किती आणि कधी कमी करायची ते ते ठरवतील. मग त्यांनी शेवटच्या रांगेत अंग चोरून बसलेल्या काकांना हाक मारून पुढे बोलावलं, आणि म्हाताऱ्याला म्हणाल्या, बसा, गोळी धरायची कशी ते हे दाखवतील.